अळीच्या पोटातला परका

एखाद्या अळीच्या पोटात दुसऱ्या प्राण्याच्या ऊतीचा, म्हणजे एकमेकींना चिकटून राहणाऱ्या जिवंत पेशींचा, तुकडा ठेवला तर पुढे काय होतं? माणसाच्या बाबतीत उत्तर आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की शरीर ते नाकारू पाहतं, आणि रोग्याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. अळीचं उत्तर निराळं आहे. ते समजून घ्यायला प्रयोगशाळाच गाठायला हवी असंही नाही. तंजावूरच्या भातखाचरांत असं रोपण रोज होत असतं आणि ते करणारी असते मुंगीहूनही लहान गांधीलमाशी.

तंजावूर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला हा जिल्हा खरा भाताचा. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सुटावं असा जुना शिरस्ता आहे, आणि त्यावर कुरुवै, सांबा, ताळडी असे भाताचे हंगाम उभे राहतात. १९२२पासून आडुदुरैला भातसंशोधन केंद्र आहे. दक्षिणेला पट्टुकोट्टै, पेरावुरणीकडे नारळाच्या बागा आहेत आणि वेप्पंकुळमला नारळाचं संशोधन केंद्र. भातावर खोडकिडा आणि पानं गुंडाळणारी अळी, नारळावर काळ्या डोक्याची अळी, आणि या सगळ्यांच्या मागावर असलेल्या गांधीलमाश्या. आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या माश्यांकडे आहे.

सुरुवात अळीच्या शरीरापासून करू. तिच्यात आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. पाठीलगत एक लांब नळी असते, तेच हृदय. ती रक्त पुढे ढकलते आणि पुढे ते मोकळं सुटतं. आतडं, चरबी, मज्जातंतू, सगळे अवयव या रक्तात बुडालेले असतात. या रक्ताला हिमोलिम्फ म्हणतात. ते लाल नसतं, कारण प्राणवायू वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे नाही. हवा थेट बारीक श्वासनलिकांतून अवयवांपर्यंत पोचते. रंग बहुधा पिवळट किंवा हिरवट.

या रचनेमुळे कीटकात ऊती बसवणं अगदी सोपं जातं. माणसात नवा अवयव बसवायचा तर शिरा आणि धमन्या टाक्यांनी जोडाव्या लागतात. अळीत तुकडा आत सोडला की झालं. तो रक्तात तरंगतो आणि तिथेच त्याला अन्न मिळतं. गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडं घालते, त्या अंड्याचीही हीच चंगळ असते.

त्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. पतंगांच्या अळ्यांमध्ये त्यांचे चार-पाच प्रकार सांगतात, आपल्याला दोन पुरेत. एक कणपेशी, शास्त्रीय नाव ग्रॅन्युलोसाइट. तिच्या पोटात रसायनांचे कण भरलेले असतात. दुसरी पसरपेशी, म्हणजे प्लाझ्माटोसाइट. ही कशाला चिकटली की चपटी होऊन पसरते. आपल्याकडे असतात तशी प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक शत्रूसाठी घडवलेली प्रथिनं, कीटकाकडे नसतात. त्यावरून कीटकाला प्रतिकारशक्तीच नाही असं पुष्कळांना वाटतं. ते साफ चूक आहे.

आता पहिली पायरी, ओळख पटवण्याची. आलेला पाहुणा कुठल्या घरचा याची चौकशी रक्तपेशी करत नाहीत. त्याच्या अंगावरचं अस्तर आपल्या घरातल्यासारखं आहे की नाही, एवढंच त्या पाहतात. प्रत्येक अवयवाभोवती प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. अळीच्या स्वतःच्या सगळ्या अवयवांवर तो असतो, म्हणून रक्तपेशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पटल ओळखीचं आणि अखंड असेल तर पाहुणा खपून जातो.

याचा मोठा फायदा १९३५ साली बोरिस एफ्रुसी आणि जॉर्ज बीडल या दोघांनी पॅरिसमध्ये घेतला. त्यांचा प्राणी होता ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट. त्याच्या अळीच्या अंगात पुढे होणाऱ्या डोळ्यांच्या, पंखांच्या चकत्या आधीच तयार असतात. एका अळीतली डोळ्याची चकती काचेच्या अतिशय बारीक नळीने उचलून त्यांनी दुसऱ्या अळीच्या पोटात सोडली. त्या अळीचं चिलट झालं तेव्हा त्याच्या पोटात तिसरा डोळा तयार होता, रंगासकट. डोळ्याचा रंग कोणत्या जनुकामुळे कसा बनतो हे त्यांना या पोटातल्या डोळ्यांवरून शोधता आलं. त्याच वाटेने पुढे गेलेल्या बीडलला १९५८ साली नोबेल मिळालं. अनोळखी उंदराची कातडी दुसऱ्या उंदरावर टिकत नाही. चिलटाने मात्र आपल्या जातीतल्या दुसऱ्याचा डोळा बिनतक्रार पोटात वाढवला. आपल्या पेशींवर प्रत्येक व्यक्तीची निराळी खूण असते, तशी चिलटाच्या पेशींवर दिसत नाही.

मग नाकारलं काय जातं? १९८० साली मिशिगनमधल्या तहिर आणि रोझ रिझ्की या दांपत्याने चिलटांच्या अळ्यांत वेगवेगळ्या ऊती ठेवून हेच तपासलं. भाऊबंद म्हणावी अशा जवळच्या जातीची ऊती खपून गेली, दूरच्या जातीची वेढली गेली. त्याहून मजेची गोष्ट अशी की ऊती आपल्याच जातीची, पण तिचं अस्तर फाटलेलं, तर तिलाही वेढा पडला. फाटकं अस्तर घेऊन आलेला घरचा माणूसही परका ठरतो, असा हा न्याय आहे.

नवशिके फसतात ते इथे. चिमटा जरा जोरात लागला, ऊती उचलताना कोरडी पडली, की पटल फाटतं. मग ती काळी गोळी होऊन बसते आणि वहीत नोंद होते, ‘यजमानाने परकी ऊती नाकारली.’ खरं तर ती आपल्या हातानेच बिघडलेली असते. म्हणून अशा प्रयोगात त्याच जातीची, त्याच हाताने काढलेली ऊती दुसऱ्या अळ्यांत ठेवून तुलना करावी लागते. ती टिकली तरच परक्या ऊतीबद्दल बोलण्यात अर्थ.

दुसरी पायरी पहिल्या स्पर्शाची. परका पृष्ठभाग लागला की कणपेशी त्याला चिकटतात आणि पोटातले कण बाहेर टाकतात. पुष्कळशा तिथेच फुटतात. हे काही मिनिटांत सुरू होतं. सांडलेल्या रसायनांमुळे पाहुण्याच्या अंगावर एक चिकट थर बसतो आणि पसरपेशींना वर्दी जाते.

तिसरी पायरी वेढ्याची. एरवी पसरपेशी रक्तात गोल गोल फिरत असतात, कशालाही न चिकटता. वर्दी मिळाली की त्या चिकट होतात, पसरट होतात, आणि एकीवर एक थर चढवू लागतात. एका पतंगाच्या अळीत ही वर्दी देणारं छोटं प्रथिन १९९७ साली सापडलं. त्यात अवघी २३ अमिनो आम्लं आहेत. साधारण एका दिवसात वेढा पुरा होतो. बाहेरच्या बाजूने पुन्हा कणपेशींचा पातळ थर बसतो आणि काम थांबतं. जिवंत ऊतीच हवी असंही नाही. नायलॉनच्या धाग्याचा तुकडा किंवा प्रयोगशाळेतले सूक्ष्म मणी आत सोडले तरी वेढा पडतो. मात्र सगळ्या प्रकारचे मणी सारखे वेढले जात नाहीत. पृष्ठभागावरचा विद्युतभारही पाहिला जातो.

चौथी पायरी काळं पडण्याची. अळीच्या रक्तात एक एन्झाइम झोपलेल्या अवस्थेत असतं, त्याचं नाव प्रोफिनॉलऑक्सिडेज. जखम झाली किंवा परका आला की प्रथिनं कातरणाऱ्या एन्झाइमांची साखळी सुरू होते आणि शेवटी हे जागं होतं. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून ते क्विनोन बनवतं, आणि क्विनोनांपासून मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य. वांगं चिरून ताटात ठेवलं की काळं पडतं, त्यातली रसायनक्रिया याच धाटणीची आहे. तिथेही एन्झाइम तांबं बाळगणारंच असतं. वांगं आपण पाण्यात टाकून वाचवतो. अळीला वाचवायचं नसतं, मारायचं असतं. वेढ्यात कोंडलेल्या पाहुण्याला प्राणवायू मिळत नाही, अन्न मिळत नाही, आणि क्विनोनं विषारी असतात.

हे हत्यार दुधारी आहे. मोकळ्या रक्तात सुटलं तर अळीच्याच पेशी जळतील. म्हणून त्याला आवरणारी प्रथिनं रक्तात असतात आणि काळं पडणं वेढ्यापुरतं, जखमेपुरतं राहतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र त्याचा फार जाच होतो. हार्वर्डचे कॅरल विल्यम्स रेशमी पतंगांच्या कोषावस्थेत मेंदूंची अदलाबदल करत, तेव्हा जखमेत फिनाइलथायोयुरियाचे खडे टाकत. या रसायनाने ते एन्झाइम बंद पडतं आणि जखम काळी होत नाही. जखमेचा काळेपणा आणि ऊती नाकारल्याचा काळेपणा यांत गल्लत करणं ही दुसरी नेहमीची चूक. कातडीला चिकटलेला डाग जखमेचा असतो. रक्तात सुटा तरंगणारा, सगळ्या बाजूंनी काळा झालेला गोळा वेढ्याचा.

जंतूंसाठी वेगळी फळी आहे, ती इथे थोडक्यातच सांगतो. जिवाणू ऊतीइतके मोठे नसतात, म्हणून रक्तपेशी त्यांना गिळतात किंवा त्यांच्या गुठळ्या करतात. शिवाय चरबीपिंड, म्हणजे कीटकाचं यकृत म्हणावं असा अवयव, जंतुनाशक प्रथिनं रक्तात सोडतो. त्यातलं सेक्रोपिन १९८१ साली स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने शोधलं. चिलटात टोल नावाचं जनुक बुरशीविरुद्ध ही फळी उभी करतं, हे १९९६ साली दाखवणाऱ्या गटाचे प्रमुख झ्यूल हॉफमन यांना २०११चं नोबेल मिळालं. रोपण करताना जंतू आत गेले तर ही फळीही कामाला लागते आणि निष्कर्ष गढूळ होतो.

एकदा नाकारलेलं कीटकाच्या लक्षात राहतं का? पाठ्यपुस्तकी उत्तर ‘नाही’ असं असे. पण १९८०च्या दशकात सिनसिनाटीत रिचर्ड कार्प आणि सहकाऱ्यांनी आपल्या मोरीतलं मोठं तांबूस झुरळ घेतलं आणि एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यावर बसवला. झुरळाने आपल्याच जातीचा तुकडाही हळूहळू नष्ट केला. त्याच दात्याचा दुसरा तुकडा लवकरच बसवला तर तो आणखी वेगाने. ही आठवण थोडेच दिवस टिकली. म्हणजे चिलटावरून साऱ्या कीटकांचा नियम काढता येत नाही. झुरळ वर्षभर, कधी त्याहूनही अधिक जगतं, चिलट काही आठवडे. आठवण ठेवण्याची गरज झुरळाला अधिक असावी, असं मला आपलं वाटतं.

आता पुन्हा शेतात येऊ. खोडकिड्यांच्या अळ्यांत अंडी घालणारी कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही गांधीलमाशी आपल्याकडच्या भाताउसात आढळते. ती खोडातल्या भोकातून आत शिरते, अळीला डंख मारते आणि एका फटक्यात ३०-४० अंडी तिच्या अंगात सोडते. ही अंडी म्हणजे अस्सल परकी ऊती, दूरच्या कुळातली. वर सांगितलेल्या चारही पायऱ्या इथे घडायला हव्यात. तरीही अळी पोखरली जाते आणि दोनेक आठवड्यांत तिच्या अंगातून पिल्लं बाहेर पडून पांढरे कोष विणतात. असं कसं?

याचा माग केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी दुसऱ्या एका गांधीलमाशीवर काढला. तिच्या बीजकोशातून थेट काढलेली अंडी अळीत ठेवली तर वेढली जात. अंडनलिकेच्या तोंडाशी पोचलेली अंडी मात्र सुखरूप राहत. त्या थोड्याशा वाटेवर अंड्यावर असा काही लेप चढतो, की अळीच्या रक्तपेशींना ते परकं वाटत नाही. सगळी मेख पुन्हा पृष्ठभागाचीच.

कोटेशियाच्या घराण्याने यापुढे मजल मारली आहे. तिच्या अंडनलिकेच्या तोंडाशी विषाणूसारखे कण तयार होतात, त्यांना पॉलिडीएनएव्हायरस म्हणतात. त्यांची जनुकं माशीच्याच गुणसूत्रांत वस्तीला आहेत. हे कण अंड्यांसोबत अळीत जातात. तिथे ते वाढत नाहीत, पण रक्तपेशींत शिरून त्यांची चिकटण्या-पसरण्याची ताकदच मोडतात. १९८१ साली अमेरिकेत एका वेगळ्या गांधीलमाशीवर हे सिद्ध झालं. तिची अंडी धुऊन अळीत ठेवली की वेढली गेली. धुतलेल्या अंड्यांसोबत शुद्ध केलेला विषाणू दिला की वाचली.

पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. आशियातून आफ्रिकेत गेलेल्या ज्वारी-मक्याच्या खोडकिड्यावर उपाय म्हणून कोटेशिया फ्लॅव्हिपेस १९९३ साली केनियात सोडली. त्या किड्यावर ती छान लागू पडली, कारण तो तिच्याच मुलखातला. तिथल्या स्थानिक बुसेओला खोडकिड्यातही ती अंडी घालते, पण त्याच्या रक्तपेशी ती अंडी वेढून काळी करून टाकतात. माशीला खोडातली अळी हुंगून कळते, तिचं रक्त कसं आहे ते कळत नाही.

काही गांधीलमाश्यांनी ही भानगडच टाळली आहे. ट्रायकोग्रामा अळीची वाट बघत नाही, ती पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. ताज्या अंड्यात रक्तपेशी अजून घडलेल्याच नसतात, मग वेढा घालणार कोण? वेप्पंकुळमच्या बाजूला नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी गोनिओझस नावाची माशी सोडतात. ती अळीला डंखाने लुळी करते, अंडी तिच्या कातडीवर बाहेरून चिकटवते आणि पिल्लं मोठी होईतो राखण करत बसते.

तंजावूरच्या शेतकऱ्याच्या हाती यातलं सर्वाधिक येतं ते ट्रायकोकार्ड. तांदळातल्या पतंगाची अंडी कागदी पट्टीवर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामाला अंडी घालू देतात. भाताच्या पिवळ्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम, पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस. हेक्टरी एका वेळी सुमारे १ लाख माश्या, म्हणजे ५ सीसी अंडी, असा हिशेब धरतात. पट्टीवरची अंडी काही दिवसांत काळी होतात आणि अनेक जण ती खराब झाली म्हणून परत करतात. तसं करू नका. इथे काळं म्हणजे आत गांधीलमाशी वाढते आहे. न काळवंडलेलं अंडं फुकट गेलेलं. अळीच्या पोटातली काळी गोळी नेमकं उलट सांगते, तिथे माशी हरलेली असते.

पट्टी केव्हा लावायची हेही वरच्या गोष्टीवरूनच ठरतं. ताजं अंडं हवं, म्हणजे शेतात पतंग उडू लागले की लगेच. गाभा वाळून पोंगेमर दिसू लागली, तेव्हा अळी खोडात शिरलेली असते आणि ट्रायकोग्रामाला तिथे काही काम उरत नाही. पट्टीचे तुकडे सकाळी, पानाच्या खालच्या अंगाला, सावलीत बांधावेत. मुंग्या लागतात, तेवढं पाहावं. पुढे-मागे काही दिवस कीटकनाशक मारू नये. खोडकिड्याचे अंडपुंज पानाच्या टोकाशी तपकिरी केसांखाली असतात. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले तर ते आयतेच जातात.

वेढा स्वतः पाहायचा असेल तर गुंडाळलेल्या पानांतल्या किंवा खोडातल्या मोठ्या अळ्या गोळा करा. बशीत मिठाचं सौम्य पाणी घ्या, अळी पाठीवरून बारीक कात्रीने उभी उघडा आणि हातभिंगातून बघा. आधी हिरवट पाणी सुटेल, मग पांढऱ्या चरबीचे झुपके दिसतील. त्यांच्यात मोहरीहून बारीक, गुळगुळीत काळे किंवा तपकिरी दाणे सापडले तर ते वेढे. आतड्यातली विष्ठाही काळी असते, पण ती आतड्याच्या आत असते आणि सुईने दाबली की पसरते. वेढा घरंगळतो. उघडलेलं रक्तही काही मिनिटांत काळपट होतं, म्हणून रेंगाळू नये. दिसलं ते चित्र काढून ठेवावं. सरफोजी राजांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी अशाच रंगीत चित्रांसह केल्या गेल्या आणि त्या सरस्वती महालात आजही पाहता येतात.

अळीचं वयही लिहा. लहान अळीत रक्तपेशी थोड्या असतात, म्हणून बहुधा वेढा दुबळा पडतो. वाढलेल्या अळीत तो जोरकस असतो. एकाच अळीत दोन-तीन माश्यांनी अंडी घातली असतील तर पेशी पुरत नाहीत आणि एखादं पिल्लू निसटतं. अर्धवट काळी गोळी आणि शेजारी वळवळणारं पिल्लू एकाच पोटात दिसलं तर चक्रावून जाऊ नका.

बऱ्याच अळ्यांत काळे दाणेच दाणे निघाले आणि पांढरे कोष कुठेच दिसले नाहीत, तर तुमच्या शेतात आलेली माशी आणि ही अळी यांचं जमत नाही असा त्याचा अर्थ. अशी अळी दाणे पोटात घेऊन खात राहते, कोषात जाते आणि पतंग होऊन उडून जाते. त्याच माश्या आणखी विकत आणून फायदा नाही. अळ्या स्पिरिटच्या बाटलीत घालून, पिकाचं नाव, गाव आणि तारीख लिहून आडुदुरैला दाखवून आणा, म्हणजे अळीची आणि माशीची जात कळेल.